एमएसचे निदान लांबलेले असताना नोकरी, विमा आणि घराचा हप्ता कसा सांभाळावा

आपल्या प्रश्नाचा सारांश आधी मांडते, म्हणजे मी नेमके कशाचे उत्तर देत आहे ते स्पष्ट राहील. आपले वय 33 आहे, आपण कळव्याला राहता आणि ऐरोलीतील एका बॅक-ऑफिस कंपनीत फिरत्या पाळ्यांमध्ये काम करता. गेल्या वर्षी डाव्या डोळ्याला दोन-तीन आठवडे धूसर दिसत होते. चष्म्याच्या दुकानात नंबर वाढला असेल असे सांगितले गेले, पुढे ते आपोआप कमी झाले आणि विषय मागे पडला. यंदा मात्र दोन्ही पाय कमरेपर्यंत बधिर झाले, मुंग्या येऊ लागल्या आणि जिना उतरताना तोल जाऊ लागला. एमआरआयमध्ये मेंदूत काही ठिपके दिसले. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, असू शकतो, पण आज खात्रीने सांगता येणार नाही, असे न्यूरॉलॉजिस्टांचे म्हणणे आहे. काही अहवाल यायचे आहेत आणि काही महिन्यांनी एमआरआय पुन्हा करायचा आहे. पती इलेक्ट्रिक फिटिंगची कामे घेतात, त्यांची मिळकत महिन्यागणिक बदलते, आणि घराचा हप्ता मुख्यतः आपल्या पगारातून जातो. आपण विचारता की ऑफिसात सांगावे का, पाळ्या झेपत नाहीत म्हणून नोकरी सोडावी का, एजंट सांगतो तसा अहवाल येण्याआधी घाईने मेडिक्लेम घ्यावा का, आणि पैशांची जुळणी कशी करावी.

मी डॉक्टर नाही. एका मोठ्या रुग्णालयाच्या मेंदूविकार विभागात मी बरीच वर्षे वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम केले आणि आता ठाण्यात रुग्णांना व त्यांच्या कुटुंबीयांना रजा, विमा आणि प्रमाणपत्रे यांच्या कामात मदत करते. त्यामुळे आपल्याला एमएस आहे की नाही याविषयी मी काहीही म्हणणार नाही. निदान होईपर्यंतचे दिवस घरखर्चाच्या आणि नोकरीच्या दृष्टीने कसे काढावेत, एवढ्यावरच लिहिते.

आपले चारही प्रश्न वरवर वेगळे दिसत असले, तरी त्यांच्या मुळाशी एकच अडचण आहे. कंपनी, विमा कंपनी आणि बँक या तिघांनाही आजाराचे नाव हवे असते, आणि ते नाव आज कोणाकडेच नाही. अशा वेळी माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो: नाव नक्कीच वाईट निघणार असे धरून नोकरी सोडतो, किंवा नाव येईपर्यंत काहीच झालेले नाही असे वागतो. दोन्हींमध्ये नुकसान होते. माझा अनुभव असा की या काळात नावाऐवजी तीन गोष्टींवर व्यवहार चालवावा: लक्षणे कोणती, ती कोणत्या तारखेपासून आहेत, आणि आज कोणते काम झेपते व कोणते झेपत नाही. या तिन्ही गोष्टी आजही कागदावर आणता येतात. आणि जो निर्णय नंतर परत फिरवता येणार नाही, तो निदान होईपर्यंत घेऊ नये. पुढचे सगळे याच आधारावर आहे.

निदानाला वेळ का लागतो हे समजले की डॉक्टर टाळाटाळ करत आहेत ही शंका कमी होते. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू, पाठीचा मज्जारज्जू आणि डोळ्याची नस यांतील मज्जातंतूंवरच्या मायलिन या आवरणावर हल्ला करते. हे सांगणारी एकच अशी रक्ततपासणी नाही. हल्ले मज्जासंस्थेच्या वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या काळी झाले आहेत याचा पुरावा लक्षणे, एमआरआय आणि पाठीतले पाणी, म्हणजे मज्जारज्जूभोवतीचा द्रव, यांतून गोळा करावा लागतो. मॅकडोनाल्ड निकष म्हणून ओळखले जाणारे नियम त्यासाठीच आहेत. शिवाय असेच चित्र दाखवणारे इतर आजार वगळावे लागतात. बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे सर्रास आढळते आणि तिनेही पाय बधिर होतात, तोल जातो. क्षयरोग, ल्युपस, तसेच एनएमओ आणि मॉग या नावांनी ओळखले जाणारे दोन जवळचे आजार, हेही तपासावे लागतात.

पैसे वाचवण्याचा पहिला मोह इथेच होतो, म्हणून येथे थोडे थांबते. एनएमओ आणि मॉगसाठीच्या अँटीबॉडी तपासण्या महाग वाटतात, आणि ‘नंतर करू’ म्हणून त्या मागे ठेवणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. डॉक्टरांनी त्या लिहिल्या असतील तर तेथे काटकसर करू नये. एनएमओचे उपचार वेगळे असतात आणि एमएसची काही औषधे त्या आजारात अपाय करू शकतात. काटकसर दुसरीकडे करता येते. एमआरआयचे दर ठाणे आणि नवी मुंबईतील खासगी केंद्रांत एकसारखे नाहीत, त्यामुळे दोन-तीन ठिकाणी लेखी दर विचारावेत, आणि मुंबईतील महापालिका व सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत तोच एमआरआय पुष्कळ कमी खर्चात होतो हेही लक्षात ठेवावे. मात्र तेथे तारीख उशिराची मिळू शकते. पुढचा एमआरआय शक्यतो पहिल्याच केंद्रात आणि त्याच क्षमतेच्या मशीनवर करावा, म्हणजे तुलना नीट होते. मेंदू आणि संपूर्ण मज्जारज्जू यांचा एमआरआय एकाच वेळी कॉन्ट्रास्टसह, म्हणजे शिरेतून औषध देऊन, करायचा आहे का, हे आधी डॉक्टरांना विचारून घ्यावे. ‘पाठीचा राहिला’ म्हणून आठवड्याने पुन्हा जावे लागले की रजाही जाते आणि खर्चही वाढतो.

आता आपल्या गेल्या वर्षीच्या डोळ्याविषयी. तो प्रसंग कोठेच नोंदलेला नाही, आणि कदाचित तोच सर्वांत मोलाचा दुवा असेल. पुढच्या भेटीत तो न्यूरॉलॉजिस्टांना महिना, डोळा, किती दिवस टिकले, दुखत होते का, रंग फिके दिसत होते का, एवढ्या तपशिलासह लिहून द्यावा आणि नोंदवहीत घ्यावा अशी विनंती करावी. त्या वेळी घेतलेल्या चष्म्याची पावती किंवा नवऱ्याला पाठवलेला ‘डोळ्याने नीट दिसत नाही’ असा संदेश मोबाइलमध्ये असेल, तर तोही जपून ठेवावा. डोळ्याच्या नसेला पूर्वी इजा झाली होती का, हे व्हीईपी या तपासणीतून पुष्कळदा कळते. ती आपल्या बाबतीत उपयोगाची आहे का, असे अवश्य विचारावे. घरी एक साधी फाइल करावी, ज्यात चिठ्ठ्या, अहवाल, एमआरआयची सीडी आणि बिले तारखेनुसार असतील, आणि वर एका पानावर लक्षणांची नोंद असेल. ही फाइल पुढे डॉक्टर, एचआर, विमा कंपनी आणि दिव्यांग प्रमाणपत्राचे वैद्यकीय मंडळ या सगळ्यांपुढे लागते.

नोकरीबाबत माझे मत स्पष्ट आहे: निदान होईपर्यंत राजीनामा देऊ नये. पगार जाईल हे तर आहेच, पण त्याहून मोठे कारण कंपनीचा सामूहिक मेडिक्लेम हे आहे. अशा बहुतेक पॉलिसींमध्ये आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून धरलेले असतात, आणि हे संरक्षण सहसा नोकरीच्या शेवटच्या दिवशीच संपते. निदानाच्या उंबरठ्यावर ते सोडणे म्हणजे उद्या स्वतःच्या पैशाने मिळणार नाही अशी गोष्ट आज फुकट देऊन टाकणे. दुसरे, आपल्या नोकरीला 5 वर्षे पूर्ण व्हायला थोडेच महिने उरले असतील, तर ग्रॅच्युइटीचा हक्कही त्यावर अवलंबून आहे; नियुक्तीपत्रावरील तारीख पाहावी. आणि पुढे खरोखरच सोडण्याची वेळ आली, तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करण्याची विनंती शेवटच्या दिवसाच्या आधी लेखी द्यावी. कंपनी ती आपल्या निकषांवर तपासते, मंजुरीची हमी नसते, पण मुदत उलटल्यावर विचारण्यात काहीच अर्थ राहत नाही.

नोकरी सोडायची नाही याचा अर्थ आहे तशीच ओढत राहायची असा होत नाही. आपल्या रजेचा हिशेब प्रथम मांडावा. 20 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 लागू होतो. त्यानुसार वर्षाला 8 दिवस नैमित्तिक रजा मिळते, आणि वर्षात 240 दिवस काम झाले असेल तर दर 20 दिवसांच्या कामामागे 1 दिवस भरपगारी रजा मिळते, जी 45 दिवसांपर्यंत साठवता येते. कंपनीची स्वतःची आजारपणाची रजा असल्यास ती वेगळी. ही रजा थकवा आला म्हणून एकेक दिवस करून संपवू नये. त्यातला मोठा भाग पुढच्या हल्ल्यासाठी राखावा, कारण हल्ला आलाच तर स्टेरॉइडचे सलाइन साधारण 3 ते 5 दिवस चालते आणि त्यानंतरही सावरायला वेळ लागतो. रोजचा थकवा रजेने भरून निघत नाही, तो कामाच्या वेळा बदलून आटोक्यात आणावा लागतो.

त्यासाठी ऑफिसात काहीतरी सांगावे लागेल, आणि हाच आपला सर्वांत अवघड प्रश्न आहे. ‘मला एमएस असण्याची शक्यता आहे’ असे सांगू नये, असा माझा सल्ला आहे. ज्या आजाराचे निदान डॉक्टरांनीच केलेले नाही, तो आपण जाहीर करण्याचे कारण नाही. आणि एकदा ते नाव वरिष्ठांनी इंटरनेटवर शोधले की पुढे निदान वेगळे निघाले तरी त्यांच्या मनातले चित्र पुसले जात नाही. मात्र लक्षणे लपवूही नयेत. न्यूरॉलॉजिस्टांकडून एक पत्र घ्यावे, ज्यात आजाराचे नाव नसेल आणि कामाशी संबंधित गोष्टी असतील: रुग्णाची मज्जासंस्थेविषयी तपासणी सुरू आहे, सध्या पायांत बधिरपणा, तोल जाणे आणि लवकर येणारा थकवा ही लक्षणे आहेत, पुढील 3 महिने रात्रपाळी टाळावी, दर 2 तासांनी थोडी विश्रांती मिळावी आणि शक्य असल्यास आठवड्यातील काही दिवस घरून काम द्यावे, 3 महिन्यांनी पुन्हा तपासून कळवले जाईल. मुदत घातलेली मागणी मंजूर करणे वरिष्ठांना सोपे जाते, हे मी वारंवार पाहिले आहे. ‘हलके काम द्यावे’ अशी मोघम चिठ्ठी मात्र उलटू शकते, कारण हलके म्हणजे काय हे मग कंपनी ठरवते.

पत्र आधी एचआरला ईमेलने द्यावे आणि नंतर टीम लीडरशी बोलावे, उलट करू नये. तोंडी मिळालेली सवलत पाळी ठरवणारा माणूस बदलला की संपते. एक व्यवहारातली गोष्टही सांगून ठेवते: सामूहिक मेडिक्लेमचा दावा टीपीएमार्फत, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेमार्फत, जातो आणि छोट्या कंपन्यांत एचआरला दाव्यामागचे कारण पुष्कळदा कळतेच. म्हणून दावा करण्याच्या आधी एचआरला लक्षणांची माहिती आपल्याकडून गेलेली असणे बरे.

या सगळ्याला एक अपवाद आहे. आपले काम संगणकावरचे आहे, पण हेच वाचणारे कोणी रबाळे-महापे पट्ट्यातील कारखान्यात मशीनवर, उंचीवर किंवा वाहन चालवण्याच्या कामावर असतील, तर तोल जाणे किंवा दुहेरी दिसणे ही लक्षणे ताबडतोब कळवून काम बदलून घ्यावे. तेथे प्रश्न गोपनीयतेचा उरत नाही. आपणही लक्षणे असेपर्यंत स्कूटर चालवू नये.

प्रवासाविषयी आपण लिहिले नसले तरी मी विचारलेच असते. कळव्याहून ठाण्याला येऊन पूल चढायचा, ऐरोलीकडे जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर लोकलच्या 9 किंवा 10 नंबरच्या फलाटावर गर्दीत उभे राहायचे, आणि मग काम सुरू करायचे, यात दिवसाची बरीच ताकद ऑफिसला पोहोचण्याआधीच संपते. एमएस असलेल्या अनेकांमध्ये अंग तापले की जुनी लक्षणे काही वेळ वाढतात आणि अंग थंड झाले की उतरतात. तो नवा हल्ला नसतो, पण घाबरायला पुरेसा असतो. पाळीची वेळ गर्दीच्या बाहेर सरकवून मिळाली, तर घरून काम मिळाल्याच्या निम्मा फायदा तिनेच होतो. ती मागणी पत्रात घालायला हरकत नाही.

कायद्याविषयी खोटी आशा देणार नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 यात मान्य केलेल्या 21 प्रकारांमध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसचा नावाने समावेश आहे, आणि 20 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांनी समान संधी धोरण जाहीर करावे असे त्याखालील 2017 चे नियम सांगतात. आपल्या कंपनीचे ते धोरण आजच मागून वाचून ठेवावे. परंतु सेवेत असताना दिव्यांगत्व आल्यास कामावरून काढता येणार नाही हे ठोस संरक्षण सरकारी आस्थापनांपुरते आहे, आणि बहुतेक सवलतींसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. निदानाच्या आधी एमएसच्या नावाने ते मिळणार नाही, आणि निदानानंतरही लक्षणे सौम्य असतील तर टक्केवारी तितकी भरतेच असे नाही. म्हणून सध्या तरी त्यावर गणित बांधू नये.

एजंटच्या सल्ल्याकडे येते. ‘अहवाल यायच्या आत पॉलिसी घ्या, डोळ्याचे आणि पायाचे काही लिहू नका’ असे त्याने सांगितल्याचे आपण लिहिता. हे करू नये. विमा नियामकाच्या व्याख्येप्रमाणे पॉलिसी सुरू होण्याआधीच्या 36 महिन्यांत ज्याचे निदान झाले तोच आजार पूर्वीपासूनचा ठरतो असे नाही. ज्यासाठी डॉक्टरांचा सल्ला किंवा उपचार घेतला, तोही त्यात येतो. आपला एमआरआय झालेला आहे, त्यावर तारीख आहे, आणि दाव्याच्या वेळी विमा कंपनी जुने कागद मागतेच. माहिती दडवल्याच्या कारणावरून सलग 60 महिन्यांनंतर, सिद्ध झालेली फसवणूक सोडल्यास, दावा नाकारता येत नाही, असा नियम आहे आणि एजंट त्याच्याच भरवशावर बोलत असतात. पण आपल्याला गरज लागेल ती पहिल्या वर्षातच. त्याला कमिशन पहिल्या हप्त्यावर मिळते, दावा नाकारल्याचे पत्र मात्र आपल्या घरी येते.

मग खरे सांगून अर्ज करावा का? आज केला तर कंपनी बहुधा तो लांबणीवर टाकेल, आणि ‘यापूर्वी कोणता प्रस्ताव नाकारला किंवा पुढे ढकलला गेला आहे का’ हा प्रश्न पुढच्या अर्जांमध्ये पुन्हा समोर येईल. त्यामुळे आपल्यापुरते निदान होईपर्यंत थांबणे शहाणपणाचे. निदान एमएस नसून बी-12 च्या कमतरतेचे निघाले, तर त्यानंतरचा अर्ज अगदी वेगळ्या पद्धतीने पाहिला जाईल. परंतु पती आणि मुलगी यांच्यासाठी स्वतंत्र पॉलिसी आत्ताच घ्यावी. आज तेही आपल्याच कंपनीच्या मेडिक्लेमवर अवलंबून आहेत आणि त्यांच्या अर्जात अडचण असण्याचे कारण नाही. आपली स्वतःची एखादी जुनी वैयक्तिक पॉलिसी असेल, तर तिचे नूतनीकरण एक दिवसही चुकवू नये, कारण पूर्वी दावे झाले म्हणून नूतनीकरण नाकारता येत नाही.

असलेल्या मेडिक्लेमचा वापर करताना एक अट माहीत असावी. केवळ तपासणीसाठी आणि निदानासाठी दाखल झाल्याचा खर्च देय नाही, अशी तरतूद साधारणपणे सगळ्या पॉलिसींमध्ये असते. म्हणजे एमआरआय आणि पाठीतले पाणी काढण्यासाठी दोन दिवस दाखल झालात, तर दावा फेटाळला जाऊ शकतो. मात्र लक्षणांवर उपचार म्हणून स्टेरॉइडच्या सलाइनसाठी दाखल व्हावे लागले, तर तो उपचार आहे, आणि त्याच आजारासाठी दाखल होण्याआधीच्या ठरावीक दिवसांतील, बहुतेक पॉलिसींमध्ये 30 दिवसांतील, बाहेर केलेल्या तपासण्यांचा खर्चही मागता येतो. म्हणून प्रत्येक बिल डॉक्टरांच्या चिठ्ठीसह जपावे. ‘कॅशलेस बसवून देतो’ म्हणत पोटदुखी किंवा तापाच्या नावावर दाखल करून घेण्याची तयारी कोणी दाखवली, तर नकार द्यावा. ती फसवणूक आहेच, शिवाय आपल्या आजाराच्या नोंदीत एक खोटे पान कायमचे बसते, आणि आपल्या बाबतीत निदान त्या नोंदीवरूनच व्हायचे आहे.

घराच्या कर्जाची फाइल आज काढून पाहावी. कर्ज देताना पुष्कळदा एक विमाही गळ्यात मारलेला असतो आणि त्यात गंभीर आजारांचे संरक्षण असू शकते. घेणाऱ्याला ते आठवतही नसते. गंभीर आजारांच्या प्रमाणित व्याख्यांमध्ये एमएस आहे, पण दोन अटींसह: निदान एमआरआयसह निःसंदिग्धपणे सिद्ध झालेले असावे, आणि हालचालीतला किंवा संवेदनेतला दोष सलग किमान 6 महिने टिकलेला असावा. याचा सरळ अर्थ असा की बधिरपणा कधी सुरू झाला आणि प्रत्येक भेटीत तो टिकून होता का, हे डॉक्टरांच्या कागदावर येणे आवश्यक आहे. बरीच मंडळी ‘थोडे बरे आहे’ एवढेच सांगून बाहेर पडतात आणि मग सहा महिन्यांचा पुरावा उभा राहत नाही. पॉलिसी अगदी नवी असेल तर सुरुवातीचा प्रतीक्षा काळ, बहुधा 90 दिवसांचा, तोही तपासावा.

पैशांची जुळणी करताना सर्वांत वाईट शक्यतेचा आकडा एकदा कागदावर मांडावा. तो मनातल्या आकड्यापेक्षा बहुधा लहान असतो. आपण रकमा दिलेल्या नाहीत, म्हणून उदाहरणाने दाखवते. हप्ता 28,000, सोसायटी 3,500, शाळा 5,000 आणि घरखर्च 15,000 असे धरले तर महिन्याचे 51,500 होतात. पतीच्या सर्वांत मंद महिन्याची मिळकत 30,000 असेल, तर आपला पगार पूर्ण बंद झाला तरी तूट 21,500 ची आहे, आणि 6 महिन्यांची 1,29,000. ही रक्कम आणि तपासण्यांसाठी वेगळी काढलेली रक्कम, एवढे बचत खात्यात किंवा मोडता येईल अशा मुदत ठेवीत असेल, तर आपण सहा महिने कोणापुढे हात पसरल्याविना काढू शकता. ती जमेपर्यंत नवी एसआयपी, सोन्याची भिशी आणि कर्जाची मुदतपूर्व फेड थांबवावी. बोनस आला की हप्ता कमी करून टाकू, असे सासरच्या मंडळींचे म्हणणे असल्याचे आपण लिहिले आहे. त्यांचा हेतू चांगला आहे, पण बँकेला दिलेला पैसा अडचणीत परत मिळत नाही. टॉप-अप कर्ज आणि क्रेडिट कार्डावरचे हप्ते या काळात घेऊ नयेत. हप्ता चुकेल असे दिसले, तर चुकण्याच्या आधी शाखेत जाऊन मुदत वाढवून हप्ता कमी करता येतो का ते लेखी विचारावे. चुकल्यानंतर तीच बँक वेगळ्या भाषेत बोलते. भविष्य निर्वाह निधीतून आजारपणासाठी रक्कम काढता येते, पण ते शेवटचे ठेवावे.

आपण पगाराचा आकडा लिहिलेला नाही, त्यामुळे एक शक्यता नोंदवते. वेतन महिन्याला 21,000 रुपयांपर्यंत असेल, तर आपण राज्य कामगार विमा योजनेत असाल, आणि मग पुष्कळ गणित बदलते. तेथे स्वतःवर व कुटुंबावर उपचार मिळतात, आणि वर्गणीची अट पूर्ण असल्यास वर्षाला 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के आजारपण भत्ता मिळतो. काही दीर्घ आजारांसाठी, ज्यांत अर्धांगवायूचे प्रकार येतात, 80 टक्के दराने 2 वर्षांपर्यंत विस्तारित भत्ता असतो. एमएसमुळे आलेली दुर्बलता त्यात बसते का, हे डॉक्टरांच्या प्रमाणपत्रातील शब्दांवर अवलंबून राहते. वागळे इस्टेटच्या कामगार रुग्णालयातून पुढे मोठ्या रुग्णालयात पाठवण्याची चिठ्ठी मिळते, त्यामुळे खासगीत खर्च करण्याआधी तेथे नाव नोंदवावे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 3,60,000 च्या आत असेल, तर धर्मादाय रुग्णालयांतील राखीव खाटांवर सवलत मागता येते. त्यासाठी तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा, दाखल झाल्यावर तो काढण्याची धावपळ होते.

पुढे निदान एमएसचेच झाले तर औषधांचा खर्च झेपणार नाही, ही भीती आपल्या पत्रात सगळीकडे आहे. औषधांच्या किमतींमध्ये फार मोठा फरक असतो. काही गोळ्यांची भारतीय जेनेरिक रूपे मिळतात, आणि इंजेक्शनांमध्येही स्वस्त पर्याय डॉक्टर सुचवू शकतात. कोणते औषध योग्य ते आजाराच्या तीव्रतेवर ठरते. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था 1985 पासून काम करते आणि तिची शाखा मुंबईत आहे. औषधांच्या खर्चाविषयी आणि मदतीविषयी तेथे चौकशी करावी. मूळ पेशींनी एमएस मुळापासून बरा करतो अशा जाहिरातींवर मात्र एक रुपयाही घालवू नये. निदानाच्या प्रतीक्षेतले लोकच त्यांचे आवडते गिऱ्हाईक असतात.

शेवटचा मुद्दा आपण विचारलेला नाही, पण रात्रपाळी नाकारल्यावर तो उद्भवू शकतो. एखाद्या दिवशी बैठकीच्या खोलीत बोलावून ‘तब्येतीच्या दृष्टीने तुम्हीच राजीनामा दिलेला बरा, अनुभवाचा दाखला चांगला देऊ’ असे सांगितले जाते आणि छापील कागद पुढे केला जातो. त्या दिवशी सही करू नये. ‘विचार करून लेखी कळवते’ एवढे म्हणून बाहेर यावे, आणि बैठकीत काय बोलणे झाले, कोण हजर होते, हे त्याच संध्याकाळी एचआरला साध्या शब्दांत ईमेलने पाठवावे, सोबत डॉक्टरांचे पत्र पुन्हा जोडावे. त्यानंतरही दबाव राहिला, तर उत्तर देण्याआधी ठाण्यातील एखाद्या कामगार कायद्याच्या वकिलाला नियुक्तीपत्र आणि हा पत्रव्यवहार दाखवावा. हे कागद जागेवर असले की सल्ला एका भेटीत मिळतो.